तोमास दे सुरियाच्या मागावर : माद्रिद ते ला कोरुन्या

मंगळवार, माद्रिद

पुतणी इथे शिकते त्यामुळे राहायची सोय होती, आणि मी शाळेत चित्रकला शिकवते त्यामुळे प्रादो म्युझियम आलंच. पण प्रादोबद्दल लिहिणारे भरपूर आहेत, मला लिहायचंय ते तोमास दे सुरिया नावाच्या माणसाबद्दल. हा स्पॅनिश चित्रकार १७९१ साली मालास्पिना नावाच्या नौदल अधिकाऱ्याच्या मोहिमेत अलास्कापर्यंत जाऊन आला. त्याची अलास्कातली पोर्ट्रेट्स मी बऱ्याच वर्षांपूर्वी एका पुस्तकात छापलेली बघितली होती आणि तेव्हापासून डोक्यातून जाईनात. यावेळी ठरवूनच आले होते की त्याच्या जागा धुंडाळायच्या, त्याने काढलेल्या वस्तू प्रत्यक्ष बघायच्या.

सुरुवात केली आल्काला रस्त्यावरच्या सान फर्नांदो आर्ट अकादमीपासून. सोल चौकातून चालत पाच मिनिटं. लोक इथे गोया बघायला येतात, गोयाच्या तांब्याच्या प्लेट्ससुद्धा आहेत इथे, पण मी आधी फूटपाथवर उभी राहून दारावरचा लॅटिन शिलालेख वाचायला (म्हणजे पुतणीकडून वाचून घ्यायला) लागले. त्यात लिहिलंय की तिसऱ्या कार्लोस राजाने लोकांच्या उपयोगासाठी निसर्ग आणि कला एका छपराखाली आणली, साल १७७४. कारण तेव्हा याच इमारतीत खाली चित्रकारांची अकादमी आणि वर राजाचा नॅचरल हिस्टरीचा संग्रह होता, एका मजल्यावर पोरं प्लास्टरचे पुतळे बघून ड्रॉइंग करतायत आणि दुसऱ्यावर शंख, खनिजं, पेंढा भरलेले प्राणी. सुरिया इथला विद्यार्थी. जन्म १७६१, व्हॅलेन्सियाचा. पुढे त्याच्या आयुष्यात कला आणि निसर्ग असे एकत्र आले की शिलालेख जणू त्याच्यासाठीच कोरलाय.

त्याचा गुरू होता खेरोनिमो आन्तोनियो हिल, एनग्रेव्हर, मोठा माणूस. १७७८ साली हिलला मेक्सिकोच्या सरकारी टांकसाळीत पाठवलं तेव्हा त्याने काही शिष्य बरोबर नेले, त्यात सुरिया. वय सतराच्या आसपास! तिथे टांकसाळीत काम करायचं म्हणजे नाण्यांचे आणि पदकांचे ठसे कोरायचे, पोलादात, उलटं, सुपारीएवढ्या जागेत राजाचा चेहरा, नाकाची रेघ एक केसभर चुकली की राजा ओळखू येत नाही. तेरा वर्षं हे काम केलेल्या माणसाचा हात कसा असेल याचा विचार करा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या पोरांना मी सांगून सांगून थकते की खोडरबर बाजूला ठेवा आणि आधी नीट बघा, तर टांकसाळीत खोडरबर नव्हताच.

दुपारी प्लाझा मायोरजवळ तळलेल्या कालामारीचा बोकादियो खाल्ला, ब्रेडमध्ये नुसती माखलीची चकती, सॉस नाही काही नाही, आणि तरी मस्त लागतं.

बुधवार, मुसेओ नावाल

बांको दे एस्पान्या मेट्रो स्टेशनला उतरलं की प्रादोच्या रस्त्यावरच नौदलाच्या मुख्यालयाच्या इमारतीत हे म्युझियम आहे. आत हुआन दे ला कोसाचा १५०० सालचा नकाशा आहे, अमेरिका दाखवणारा. तिथे गर्दी असते. आम्ही तो बघून पुढे वैज्ञानिक मोहिमांच्या भागात गेलो, तिथे दुपारभर जवळपास आम्हीच.

मालास्पिनाबद्दल थोडं सांगते कारण आपल्याकडे कॅप्टन कुक माहीत असतो, हा नसतो. आलेहान्द्रो मालास्पिना जन्माने इटालियन, स्पॅनिश नौदलात अधिकारी. त्याने आणि होसे बुस्तामान्तेने सरकारला प्रस्ताव दिला की आपण जगभरातल्या स्पॅनिश वसाहतींचा अभ्यास करणारी मोहीम काढू, नकाशे, वनस्पती, खनिजं, लोक, कारभार, सगळं. कादिझजवळच्या गोदीत मुद्दाम दोन जहाजं बांधली, देस्कुबिएर्ता आणि आत्रेविदा. लांबी साधारण ३३ मीटर, प्रत्येकावर शंभरेक माणसं. ३० जुलै १७८९ ला कादिझहून निघाली (पॅरिसमध्ये बास्तिल पडून दोन आठवडे झाले होते) आणि परत आली १७९४ च्या सप्टेंबरात. पाच वर्षं!

बरोबर शास्त्रज्ञ होते, आन्तोनियो पिनेदा, लुईस ने, तादेओ हाएंके. आणि चित्रकार होते, कारण कॅमेरा नव्हता आणि चित्र नसेल तर माद्रिदमध्ये बसलेल्या माणसाला काय कळणार की तो मासा कसा दिसतो, तो किनारा कसा दिसतो. किनाऱ्याची चित्रं तर खलाशांना सरळ कामाला यायची, पुढचं जहाज त्या चित्रावरून डोंगराची रेघ ओळखणार आणि बंदर शोधणार. म्हणून या चित्रकारावर जबाबदारी केवढी बघा. सुंदर काढून भागत नाही, खरं पाहिजे.

पण मोहिमेचं चित्रकारांच्या बाबतीत नशीब वाईट. होसे देल पोझो आळशीपणा करतो म्हणून त्याला पेरूमध्ये उतरवला (तो लिमातच राहिला आणि तिथे चित्रकला शिकवायला लागला). दुसरा, होसे गिओ, वनस्पती-प्राण्यांची चित्रं छान काढायचा पण तब्येत साथ देईना. इटलीहून दोन नवे चित्रकार बोलावले होते, ब्रांबिला आणि रावेनेत, ते वेळेत पोचले नाहीत. आणि तेवढ्यात राजाचा हुकूम आला की उत्तरेला जा, कारण फेरर माल्दोनादो नावाच्या माणसाने १५८८ साली म्हणे अटलांटिकमधून पॅसिफिकमध्ये निघणारी उत्तरेकडची वाट बघितली होती, ती खरंच आहे का ते शोधा. मग मालास्पिनाने मेक्सिकोच्या व्हाइसरॉयकडे चित्रकार मागितला आणि टांकसाळीतला सुरिया पुढे आला. तिशीचा, लग्न झालेला, मेक्सिको सिटीत बस्तान बसलेला. तो आकापुल्कोपर्यंत खुष्कीने आला आणि १ मे १७९१ ला जहाज उत्तरेला निघालं.

आता त्याची डायरी. तिचा एक भाग आज शिल्लक आहे, मूळ हस्तलिखित अमेरिकेत येल विद्यापीठात आहे, इंग्रजी भाषांतर १९३६ मध्ये आलं, मी ते वाचून गेले होते. बाकी अधिकाऱ्यांच्या रोजनिशीत अक्षांश-रेखांश आणि वारा, सुरिया मात्र झोपायची जागा सांगतो. आडवा झाला की पाय जहाजाच्या भिंतीला, डोकं दुसऱ्या भिंतीला, आणि छातीपासून वरच्या फळ्यांपर्यंत जेमतेम काही बोटं अंतर, कुशीवर वळता येत नाही. आपल्या जुन्या घरातल्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेशेजारी झोपायला सांगितलं तर कसं होईल तसं. त्यात झुरळं. हजारो. रात्री डोक्याला कापड गुंडाळून झोपायचं, जीव गुदमरतो पण झुरळं चावण्यापेक्षा बरं, कारण काहींच्या कपाळावर जखमा आणि बोटांना चावे दिसतात असं तो लिहितो. हे वाचल्यावर मी म्युझियममधल्या जहाजांच्या मॉडेल्सकडे वेगळ्याच नजरेने बघत होते, ती चकचकीत पॉलिश केलेली लाकडं, बारीक दोर, आणि आत कुठेतरी खाली तो डोक्याला फडकं बांधून पडलेला माणूस, ज्याने सकाळी उठून थरथर न करणारी रेघ मारायची आहे.

पुतणी म्हणाली, "आत्या, अशा जागी राहून चित्र काढायचा मूड तरी कसा येत असेल गं?" मूडचा प्रश्नच नव्हता गं बाई, पगारी काम होतं. पण चित्रं बघितली की कळतं की पगारापुरतं केलेलं नाहीये.

गुरुवार, मुसेओ दे आमेरिका

हा दिवस सगळ्यात महत्त्वाचा म्हणून यावर जास्त लिहिणार.

मोन्क्लोआ मेट्रोला उतरून थोडा चढ चालायचा, विद्यापीठाच्या बाजूला. टूरिस्ट फारसे इथपर्यंत येत नाहीत. माया लोकांचं हस्तलिखित आहे, कोलंबियातल्या किंबाया लोकांचं सोनं आहे, ते बघाच, पण मी सरळ गेले उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याच्या वस्तूंकडे. आणि तिथे काचेमागे तो शिरस्त्राणाचा लाकडी डोळा माझ्याकडे बघत होता.

त्लिंगिट योद्ध्याचं शिरस्त्राण (त्लिंगिट म्हणजे अलास्काच्या किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी). अखंड लाकडात कोरलेलं तोंड, वरून रंगवलेलं, आणि त्याच्याखाली गळ्याभोवती घालायची लाकडाची जाड पट्टी, म्हणजे योद्ध्याचा खरा चेहरा मधल्या फटीतून फक्त डोळ्यांपुरता दिसणार. अठराव्या शतकातल्या स्पॅनिश मोहिमांतून इथे आलेल्या वस्तू आहेत या. सुरियाने अलास्कातल्या याकुतातला असाच योद्धा काढलाय, पूर्ण चिलखतात, लाकडी पट्ट्या दोऱ्यांनी एकमेकांना घट्ट बांधून केलेलं चिलखत, डोक्यावर जनावराच्या तोंडाचं शिरस्त्राण. मी मोबाईलवर ते चित्र उघडलं आणि काचेजवळ धरलं. पट्ट्या कशा ओळीने बसतात, दोरा कुठून वळतो, शिरस्त्राण खालच्या गळपट्टीवर कसं टेकतं, सगळं त्याने समजून घेऊन काढलंय. नुसतं दिसतं तसं उतरवलं असतं तर दोऱ्याच्या जागी चार रेघोट्या मारून भागलं असतं, शंभरातले नव्वद जण तेच करतात. याने ती वस्तू कशी बनवलीय ते बघितलं. हा धातू कोरणाऱ्या माणसाचा डोळा, स्वतः कारागीर असल्याशिवाय दुसऱ्याची कारागिरी अशी दिसत नाही.

याकुतातला ही जहाजं जूनच्या शेवटी पोचली, स्पॅनिश लोक त्या बंदराला पुएर्तो मुल्ग्राव म्हणायचे. त्लिंगिट लोक होड्यांतून गाणी म्हणत आले, मग देवाणघेवाण, त्यांच्याकडून मासे आणि समुद्री ऑटरची (पाणमांजराची) कातडी, इकडून लोखंड, खिळे, कपडे. तिथल्या मुख्याला हे लोक 'अंकाऊ' म्हणतात. सुरियाला काम दिलं की लोकांची चित्रं काढ. तो वस्तीत शिरला.

डायरीतला हा प्रसंग मी इतक्या वेळा वाचलाय. तो घरांमध्ये बसून चित्र काढतोय, आणि लोक भोवती गोळा होतात, मुख्य चिडून मोठ्याने बोलायला लागतो, काय बिनसलं ते याला कळत नाही, भाषा येत नाही, सैनिक जवळ नाहीत, समोरच्यांकडे सुरे आहेत. हा घाबरला, पण घाबरलोय हे दाखवायचं नाही म्हणून त्यांच्यात मिसळून नाचायला लागला. त्यांनी आरोळी ठोकून त्याला खाली बसवलं आणि आमची गाणी म्हण असं जबरदस्तीने करायला लावलं, खुणांवरून त्याला समजत होतं की आपली टिंगल चाललीय. मग याने त्यांच्याहून मोठ्याने ओरडून, हातवारे करून गाणं म्हटलं. ते लोक खूश! आणि त्यानंतर त्याच्या चित्रांनी पुढचं काम केलं, कागदावर माणूस उमटतो हे बघून त्यांना नवल वाटलं, त्याला खायला मासे देऊ केले आणि तो चित्रं काढत राहिला.

आता हे सगळं आपण एका बाजूनेच ऐकतोय हे खरं. न विचारता घरात येऊन कागदावर आपली माणसं उतरवणाऱ्या परक्याबद्दल त्यांना राग आला तर त्यात चूक काय? मला तर वाटतं राग येणं अगदी बरोबर होतं. स्पॅनिश लोक काही पाहुणे म्हणून आलेले नव्हते, राजाचा हक्क सांगायला आलेले होते. जवळच्या खाडीत २ जुलैला मालास्पिना होड्या घेऊन गेला, पुढे बर्फाची भिंत, वाट बंद, अटलांटिक वगैरे काही नाही. त्या जागेला त्याने नाव दिलं पुएर्तो देल देसेंगान्यो, भ्रमनिरासाचं बंदर. आणि तरी तिथे एका बेटावर बाटलीत कागद घालून पुरला, सोबत एक नाणं, ही जमीन आता स्पेनच्या राजाची असा पुरावा म्हणून. त्या नाण्यावर राजाचा चेहरा. चेहरे कोरणारा टांकसाळीतला माणूस याच मोहिमेत आणि तो मात्र त्या दिवसांत त्लिंगिट लोकांचे चेहरे काढत होता.

पोर्ट्रेट्सबद्दल. अंकाऊ, त्याचा मुलगा, ओठाखाली लाकडाची चकती बसवलेली बाई. ही चकती, म्हणजे खालच्या ओठात भोक पाडून बसवलेला दागिना, बघून युरोपियन प्रवासी हमखास शिव्या घालायचे, भयानक, विद्रूप वगैरे. सुरियालाही ती विचित्र वाटली. पण चित्रात त्याने बाईला विद्रूप केलं नाहीये. डोळे शांत, गालाची हाडं बरोबर, केस नीट, आणि चकतीच्या वजनाने ओठ किती खाली येतो ते अगदी मोजून. बरीचशी चित्रं छातीपर्यंतच आहेत, मागे काही नाही, मोकळा कागद. पदकावर राजा काढतात तशी मांडणी. माझं मत विचाराल तर त्याला हीच पद्धत शिकवली होती, तेरा वर्षं राजाला ज्या इज्जतीने काढलं त्याच पद्धतीने त्याने या लोकांना काढलं, त्यामुळे ती इज्जत आपोआप चित्रात आली. हे त्याने ठरवून केलं असेल असं नाही. हाताची सवय असते. पण म्हणूनच मला हा माणूस आवडतो.

त्याच मोहिमेतला दुसरा चित्रकार होसे कार्देरो, त्याची गोष्टही सांगायलाच हवी. हा मूळ चित्रकार नव्हताच, जहाजावर हलक्या कामाला लागलेला पोरगा, चित्रकार कमी पडले तेव्हा पेन्सिल हातात घेतली आणि बघता बघता तयार झाला. याकुतातच्या मुख्याच्या घराण्याची समाधीची जागा त्याने काढलीय, कोरलेली मोठी अस्वलासारखी आकृती, राख ठेवायच्या पेट्या, शेजारी उभे स्पॅनिश लोक, त्यामुळे उंचीचा अंदाज येतो. रेघ सुरियाइतकी सराईत नाही, माणसं जरा कडक उभी राहतात. पण नजर ताजी. माझ्या वर्गात असा एखादा पोरगा असतोच, न शिकवताही चित्र जमणारा, त्यामुळे कार्देरोबद्दल विशेष माया.

तिथून पुढे जहाजं ऑगस्टमध्ये नूटकाला गेली, आजच्या कॅनडात, व्हँकुव्हर बेटावर. ही तीच जागा जिच्यावरून स्पेन आणि इंग्लंडचं आदल्याच वर्षी युद्ध होता होता राहिलं. म्युझियममध्ये नूटकाची एक विणलेली टोपी आहे, उभ्या शंकूसारखी, वर कांद्यासारखा गोंडा, आणि विणकामातच व्हेल माशाची शिकार, होडीतली माणसं, भाला, दोर, मासा. गवत आणि झाडाच्या सालीच्या धाग्यांत एवढं सगळं विणलंय, छापलेलं किंवा रंगवलेलं नाही! ही टोपी मुख्य लोक घालायचे. मी तिच्यासमोरून हलतच नव्हते, शेवटी पुतणीने बाही ओढली.

शुक्रवार

सकाळी प्रादोशेजारची रॉयल बोटॅनिकल गार्डन. लुईस ने आणि हाएंके यांनी गोळा केलेल्या वनस्पतींमुळे इथल्या संग्रहाला मोठा हातभार लागला. पिनेदा परत आलाच नाही, १७९२ मध्ये फिलिपिन्समध्ये वारला. बाग सुंदर आहे, सावली आहे, बाकडी आहेत. आणि शेजारची प्रादोची इमारतसुद्धा मुळात नॅचरल हिस्टरीसाठी बांधायला घेतली होती, चित्रांसाठी नाही. दुपारी पाय दुखत होते म्हणून घरी. पुतणीने वरणभात केला.

शनिवार, ला कोरुन्या

चामार्तीन स्टेशनवरून फास्ट ट्रेन, गालिसियात पोचलो तर पाऊस. स्पेनमध्ये आल्यासारखं वाटतच नाही, हिरवंगार, दगडी घरं, हवेत खारटपणा. इथे समुद्राकाठी सान आन्तोन किल्ला आहे, पूर्वी बेटावर होता, आता रस्त्याने जोडलेला, आत पुरातत्त्वाचं म्युझियम. मालास्पिनाला इथेच डांबलं होतं.

झालं असं की १७९४ ला परत आल्यावर आधी सत्कार, बढती. पण मालास्पिनाने पाच वर्षांत वसाहतींचा कारभार जवळून बघितला होता आणि त्याचं म्हणणं होतं की हा असा चालणार नाही, सुधारणा करा, तिथल्या लोकांना जास्त अधिकार द्या. शिवाय तो दरबारी राजकारणात पडला, प्रधान गोदोयच्या विरोधात. नोव्हेंबर १७९५ ला अटक, दहा वर्षांची शिक्षा. सहा-सात वर्षं या किल्ल्यात काढल्यावर सुटका झाली ती देश सोडण्याच्या अटीवर, इटलीला गेला, तिथेच १८१० मध्ये वारला. आणि त्याच्याबरोबर मोहिमेचं काम पण अडकलं. मोठा ग्रंथ छापायचा होता, चित्रांसकट, तो थांबला. प्रवासाचा वृत्तांत छापून आला १८८५ मध्ये. कुकचे प्रवास छापून जगभर गेले आणि हे कागद कपाटात. नकाशाकार फेलिपे बाउझा १८२३ मध्ये राजकीय कारणाने लंडनला पळाला तेव्हा बरेच कागद त्याच्याबरोबर गेले. म्हणून आज चित्रं विखुरलेली, काही माद्रिदच्या दोन म्युझियममध्ये, काही पार सिडनीला.

किल्ल्याच्या तटावर वारा एवढा की छत्री उलटी झाली. खाली लाटा आपटतायत. जो माणूस दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नपासून अलास्का, फिलिपिन्स, ऑस्ट्रेलिया, टोंगापर्यंत गेला त्याला समुद्र दिसेल अशा ठिकाणी कोंडून ठेवणं, मला खरंच वाईट वाटलं.

आणि सुरिया? तो या सगळ्यापासून लांब होता. १७९१ च्या ऑक्टोबरात जहाजं आकापुल्कोला परत आली, ब्रांबिला आणि रावेनेत आले होते, ते पुढे पॅसिफिक पार गेले, सुरिया उतरला आणि मेक्सिको सिटीला परतला. कच्च्या चित्रांवरून पक्की चित्रं करून दिली आणि परत टांकसाळ, परत ठसे, परत राजाचं नाक. आयुष्यात समुद्रावर घालवलेले सहा महिने, बस. पण त्या सहा महिन्यांतली चित्रं आज त्लिंगिट लोकांच्या त्या काळच्या दिसण्याचा, कपड्यांचा, चिलखतांचा सगळ्यात जुन्या पुराव्यांपैकी एक आहेत. त्लिंगिट लोक आजही याकुतातला राहतात. शेजारच्या प्रचंड हिमनदीला १८७४ मध्ये मालास्पिनाचं नाव दिलं गेलं. हाएंकेच्या नावाचं बेट पण आहे. सुरियाच्या नावाने तिथे काही असलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

संध्याकाळी हर्क्युलिसचा मनोरा, रोमन काळातला दीपगृह, अजून चालू आहे. मग गरम ऑक्टोपस, पाप्रिका आणि ऑलिव्ह तेल घालून, लाकडी ताटलीत.

कोणाला जायचं असेल तर : मुसेओ नावाल आणि मुसेओ दे आमेरिका दोन्ही सोमवारी बंद. नावालला आत जाताना ओळखपत्र बघतात, पासपोर्ट जवळ ठेवा. कागदावरची मूळ चित्रं उजेडाने खराब होतात म्हणून कायम मांडलेली नसतात, पण दोन्ही म्युझियमचे संग्रह ऑनलाइन बघता येतात, जायच्या आधी सुरिया, कार्देरो, रावेनेत ही नावं टाकून चित्रं मोबाईलमध्ये उतरवून घ्या आणि मग मुसेओ दे आमेरिकाच्या त्या शिरस्त्राणासमोर जाऊन उभे राहा. आणि चित्रकलेचे शिक्षक असाल तर एक छोटी वही न्याच, पेन्सिलने काढायला कोणी अडवलं नाही.